कामाच्या युनिफॉर्ममध्ये मयताला जावं का?

तिसरा_काउंटर

आठ दिवस झाले, डोक्यातून जात नाही म्हणून लिहायला बसले.

मी एका मोठ्या दुकानात बिलिंगला आहे. युनिफॉर्म म्हणजे भडक लाल टी-शर्ट. छातीवर दुकानाचं नाव, पाठीवर जाहिरातीची एक ओळ आणि वर लावायचा बिल्ला. बिल्ल्यावर माझं नाव, त्याखाली 'मी आपली काय मदत करू?'

मला हे काम ज्यांनी शिकवलं ते सर गेले. नात्याचे नव्हते. मी नवीन असताना पहिल्याच आठवड्यात माझ्या गल्ल्यात पैसे कमी भरले होते. मी रडकुंडीला आले होते. ते स्वतःची पाळी संपलेली असताना थांबले आणि दिवसभराची एकेक पावती माझ्याबरोबर तपासली. चूक सापडली तेव्हा फक्त म्हणाले, "उद्यापासून नोट हातात घेतली की मोठ्याने बोलायची." आजही मी मोठ्याने बोलते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी नोकरी सोडली, पण फोन चालू होते.

दुपारी दीडला ग्रुपवर मेसेज आला, चार वाजता अंत्ययात्रा. माझी पाळी तीनला संपते. आम्ही युनिफॉर्म घरूनच घालून येतो, त्यामुळे लॉकरमध्ये दुसरे कपडे नव्हते, आणि घर बरोबर उलट्या दिशेला. घरी जाऊन बदलून यायचं म्हणजे सगळं आटोपल्यावर पोचायचं. तशीच निघाले.

फाटकापर्यंत गेले. आत माणसं उभी होती, सगळे साध्या, शांत रंगांत. बाहेर उभ्या असलेल्या गाडीच्या काचेत मी स्वतःला पाहिलं आणि पाय थबकले. बिल्ला काढला, पर्समध्ये टाकला. छातीवरच्या नावावर पर्स धरली. पण पाठीवरची ओळ कशी झाकणार? लोक रडत असताना त्यांच्यासमोरून मी जाहिरात घेऊन चालणार, हे मला सहन होईना. दहाएक मिनिटं उभी राहिले आणि परत फिरले.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, बरं केलंस, असल्या कपड्यात जायचं नसतं. नवरा म्हणाला, वेडी आहेस, आत जायला हवं होतंस. दोघंही माझ्या काळजीनेच बोलले, पण मला अजून कळत नाही. तुम्ही काय केलं असतं? आणि आता त्यांच्या मिसेसना भेटायला जाऊ का? कोणत्या तोंडाने जाऊ?

---

निळी_छत्री

ताई, आत जायला हवं होतं. एवढं स्पष्ट बोलते कारण तुम्ही विचारलंय. माझे वडील गेले तेव्हा कोण आलं ते मला नावानिशी आठवतं, कोणी काय घातलं होतं ते एकाचंही आठवत नाही.

भेटायला मात्र जाच. उशीर झालेला नाही.

---

आजीची_गोधडी

मी सासूबाईंच्या बाजूची.

कपड्यांनी दुःख कमी-जास्त होत नाही हे मान्य. पण आपण कपडे बदलतो ते गेलेल्या माणसासाठी थोडा वेळ बाजूला काढला म्हणून. कामाच्या कपड्यात गेलं की समोरच्याला वाटतं, ही कामाच्या मधे येऊन गेली, आता पुन्हा कामावर जाईल. त्यांच्या घरातलं माणूस गेलंय, त्यांचं जग थांबलंय, आणि आपलं चालू आहे हे त्या कपड्यावरून दिसतं. ते दिसू नये एवढं तरी आपण करावं.

पर्समध्ये एक ओढणी, एखादा साधा शर्ट ठेवायला किती जागा लागते? पाच मिनिटं लागतात बदलायला. तुला दोष देत नाही बाळा, पण पुढच्या वेळेसाठी सांगते.

---

शेवटची_फेरी

गोधडीताई, तुमचं वय आणि अनुभव मोठा आहे, पण ती पाच मिनिटं सगळ्यांकडे नसतात हो.

मी बस चालवतो. माझ्या सख्ख्या मित्राला पोचवायला मी दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात गेलो. बस डेपोत लावली, दुसरा ड्रायव्हर मागून माझी फेरी घेणार होता, तो वेळेवर येईल की नाही माहीत नव्हतं. खाकी शर्ट, खिशाला बिल्ला, खांद्यावर घामाचे डाग. खांदा दिला आणि निघालो. बदलायचं म्हटलं असतं तर एकच गोष्ट झाली असती, खांदा दिला नसता.

आणि 'कामाच्या मधे येऊन गेला' असं लोकांना दिसतं म्हणता, तर त्यात वाईट काय आहे? कामाच्या मधून वेळ काढून आला असंही तेच कापड सांगतं. ज्याला सुट्टी आहे त्याने येणं आणि ज्याला सुट्टी नाही त्याने येणं ह्यात फरक आहे, आणि घरच्यांना तो कळतो.

---

सिस्टर_दुपारपाळी

मी नर्स आहे. माझं उत्तर वरच्या सगळ्यांपेक्षा थोडं वेगळं येईल, कारण युनिफॉर्म कुठला ह्यावर बरंच काही आहे.

हॉस्पिटलच्या कपड्यात मी कधीच जात नाही. एक कारण स्वच्छतेचं. ब्रिटनच्या एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या मार्गदर्शनात ६० अंशांवर दहा मिनिटं धुतलं की कपड्यावरचे बहुतेक जंतू जातात असं आहे, आणि युनिफॉर्ममुळे बाहेर संसर्ग पसरतो असा ठोस पुरावा नाही असंही त्यातच म्हटलंय. पण पुरावा नसला तरी दिवसभर वॉर्डात घातलेला कपडा म्हाताऱ्या माणसांच्या, लहान मुलांच्या गर्दीत नेऊ नये असं मला वाटतं. लोकांनाही ते नको असतं.

खरं कारण दुसरं आहे. एकदा आमच्याच वॉर्डातल्या पेशंटच्या घरी मी ड्यूटीवरून तशीच गेले होते. तीन आठवडे त्या आजोबांचं सगळं मीच केलं होतं, जाणं मनापासून होतं. दारात त्यांची मुलगी होती. तिने मला बघितलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. माझा चेहरा तिने नंतर ओळखला. आधी तिला तो निळा ड्रेस दिसला, आणि त्या निळ्या ड्रेसमधल्या कोणीतरी तिला पहाटे चारला उठवून बातमी सांगितली होती. ती काही बोलली नाही, मला मिठीही मारली. पण मी तो चेहरा विसरले नाही. तेव्हापासून लॉकरमध्ये एक राखाडी ड्रेस घडी करून ठेवलेला असतो. तो इतर कशालाच वापरत नाही.

उलटं उदाहरणही सांगते. अमेरिकेत नर्स वारली की तिच्या अंत्यविधीत सहकारी नर्सेस 'नाइटिंगेल ट्रिब्यूट' देतात. दिवा लावतात, तिचं नाव पुकारतात, उत्तर येत नाही, मग तिची ड्यूटी संपली असं जाहीर करून दिवा विझवतात. पुष्कळ जणी तेव्हा पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये येतात. तिथे तोच कपडा बरोबर वाटतो, कारण तो गेलेलीचाही होता.

तिसरा_काउंटर, तुमच्या सरांनीही तोच लाल टी-शर्ट वर्षानुवर्षं घातला असेल ना?

---

तिसरा_काउंटर

हो सिस्टर. अकरा वर्षं. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

---

वाचनमात्र

सहसा लिहीत नाही, पण हा विषय वाटतो त्यापेक्षा गंभीर आहे. ज्यांच्या घरात युनिफॉर्मचा प्रत्येक टाका ठरलेला असतो तिथेही ह्यावरून निर्णय घ्यावे लागलेत.

१७ एप्रिल २०२१ रोजी विंडसरला ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ यांचे पती प्रिन्स फिलिप यांचा अंत्यविधी झाला. ते स्वतः नौदलातले, शवपेटीवर त्यांची नौदलाची टोपी आणि तलवार ठेवलेली. तरीही राजघराण्यातल्या कोणीही युनिफॉर्म घातला नाही. पुरुषांनी साधे काळे कोट घातले आणि त्यावर पदकं लावली. कोविडमुळे आत फक्त ३० जण होते.

पुढच्याच वर्षी, १९ सप्टेंबर २०२२ ला, राणी एलिझाबेथ यांच्या अंत्ययात्रेत चार्ल्स, ॲन, एडवर्ड, विल्यम युनिफॉर्ममध्ये चालले आणि राणीचा मुलगा अँड्र्यू व नातू हॅरी साध्या कोटात. दोघांनीही प्रत्यक्ष लष्करी सेवा केलेली, पण राजघराण्याच्या कामातून बाहेर पडलेले, म्हणून युनिफॉर्म नाही. मात्र त्याआधी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये शवपेटीभोवती उभं राहून पहारा द्यायचा होता, त्या वेळी दोघांनाही युनिफॉर्म घालू दिला. म्हणजे त्याच आठवड्यात, त्याच माणसाच्या अंगावर तो एकदा चालला आणि एकदा चालला नाही.

मला ह्यातून एवढंच दिसतं की युनिफॉर्म घातला की आपण एकटे उरत नाही. कोणाच्या तरी वतीने उभे राहतो. साध्या कोटात मुलगा आईला निरोप देत असतो, युनिफॉर्ममध्ये संस्थाही त्याच्याबरोबर उभी असते. ताईंना फाटकाशी जे खुपलं ते हेच असणार. त्यांना 'मी' म्हणून जायचं होतं आणि पाठीवर दुकान होतं.

---

निवृत्त_वर्दी

वाचनमात्र, नेमकं बोललात.

आमच्याकडे वर्दी आपली नसतीच. ती सरकारची. घातली की तिचे नियम लागू. टोपी कधी घालायची, कधी काढायची, सलाम कोणी करायचा, रडू आलं तरी कसं उभं राहायचं. त्यामुळे सहकाऱ्याच्या मयताला आम्ही वर्दीत जातो तेव्हा घरचे काय म्हणतील हा प्रश्न पडत नाही, ती मानवंदनाच असते. पण माझ्या आईला पोचवायला मी साध्या कपड्यात गेलो. वरिष्ठ म्हणाले होते, थेट ये, बदलत बसू नकोस. मी बदललं. वर्दीत मला रडता आलं नसतं.

अमेरिकेतल्या पोलिसांत सहकारी गेला की छातीवरच्या बिल्ल्यावर आडवी काळी पट्टी लावतात. अंत्यविधीत वायरलेसवरून त्याच्या नंबराने हाक मारतात, दोनदा, तीनदा. उत्तर येत नाही. मग नियंत्रण कक्ष सांगतो, ह्याची ड्यूटी संपली. सिस्टरनी नर्सेसचं सांगितलं ते वाचून हेच आठवलं. वेगवेगळ्या कामांतल्या लोकांना एकच गोष्ट सुचली, हजेरी घ्यायची.

---

कढईसमोर

मी हॉटेलच्या किचनमध्ये आहे, म्हणून हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पॉल बोक्यूज हे फ्रान्सचे फार मोठे शेफ २० जानेवारी २०१८ ला गेले, वय ९१. २६ तारखेला ल्योंच्या कॅथेड्रलमध्ये अंत्यविधी झाला. वेगवेगळ्या देशांतून सुमारे १,५०० शेफ आले आणि आपापले पांढरे कोट घालून आले. त्याचे फोटो बघितलेत का? सगळं पांढरं. ज्या कपड्याला आम्ही रोज हात पुसतो तो कपडा.

आमचे वस्ताद गेले तेव्हा आम्ही सहा जण पांढऱ्या कोटातच गेलो. ठरवून. आधी त्यांच्या मुलाला फोन करून विचारलं, "दादा, कोट घालून आलो तर चालेल का?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "या. पण धुतलेले घाला. मळका कोट दिसला की बाबा हाकलून द्यायचे." म्हणून रात्री सगळ्यांचे कोट धुऊन इस्त्री केले. शेवटचा कोट वाळला नव्हता, तो मी घातला. पाठीला ओला लागत होता तो अजून आठवतो.

माझं म्हणणं एवढंच, शक्य असेल तर घरच्यांना विचारा. एक फोन. आणि तळणाचा, डिझेलचा, औषधांचा वास कपड्याला असेल तर नको. गर्दीत त्या वासाने माणसं बाजूला सरकतात आणि आपल्यालाच कानकोंडं होतं.

---

आजीची_गोधडी

धुतलेले घाला असं मुलगा म्हणाला, हे वाचून डोळ्यात पाणी आलं. मी पाच मिनिटं म्हणत होते त्याचा अर्थ हाच होता रे. कपडा कुठला ते सोड, त्याच्यासाठी काहीतरी केलेलं असावं.

शेवटची_फेरी, तुमचं पटलं. खांदा देणं आधी.

---

पत्र्याची_शेड

हा धागा दोन दिवस वाचतोय. लिहू की नको करत होतो.

माझा मोठा भाऊ कामावर असताना गेला. कारखान्याचं नाव लिहीत नाही. मशीन बंद न करता दुरुस्तीला आत पाठवला होता. पुढचं सगळं काही वर्षं चाललं, तो वेगळा विषय.

दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रेला कंपनीचे साहेब लोक आले. सात-आठ जण, सगळ्यांच्या अंगात कंपनीचं नवीन जॅकेट, छातीवर नाव भरलेलं. एकाच्या बाहीवर अजून दुकानातली घडी होती. त्यांच्याबरोबर कॅमेरा घेऊन एक माणूस. ओळीने उभे राहिले. माझी आई तोपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. तिने त्या जॅकेटांकडे बघितलं आणि मला म्हणाली, "ते नाव इथून काढायला सांग." मी जाऊन हात जोडले. म्हटलं, तुम्ही थांबा, पण जॅकेट काढा. दोघांनी लगेच काढलं, मान खाली घालून मागे जाऊन उभे राहिले. बाकीचे थोड्या वेळाने निघून गेले.

ह्यात सांगायची गोष्ट पुढे आहे. रात्रपाळी सुटल्यावर भावाच्या खात्यातली पोरं आली. चौदा-पंधरा जण. तेही कंपनीच्याच कपड्यात, तेच नाव छातीवर. मला वाटलं आता आई पुन्हा उठेल. ती उठली. त्यातल्या एका पोराच्या बाहीवर हिरव्या रंगाचा ओघळ वाळलेला होता. भावाच्या शर्टावरही तसाच होता, आदल्या आठवड्यात दोघांनी मिळून रेलिंग रंगवलं होतं, आई तो डाग काढायला घासत बसली होती आणि तो निघाला नव्हता. तिने त्या पोराची बाही हातात धरली आणि तेव्हा पहिल्यांदा रडली.

कापड तेच, नाव तेच. आत आईला कोण दिसलं ते वेगळं होतं. म्हणून युनिफॉर्म चालतो की नाही ह्याचं एकच उत्तर मला देता येत नाही. पण ज्या ठिकाणी काम करताना माणूस गेला तिथल्या मालकांनी, साहेबांनी तरी ते नाव छातीवर घेऊन येऊ नये. यावं, आणि माणूस म्हणून यावं. कॅमेरा तर नकोच नको.

---

निळी_छत्री

दादा, काय लिहू. तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

---

निवृत्त_वर्दी

पत्र्याची_शेड, हे लिहिलंत ते बरं केलंत. ज्यांनी जॅकेट लगेच काढलं त्या दोघांचाही मी विचार करतोय.

---

अखेरची_गाडी

मी शववाहिका चालवतो, बारा वर्षं झाली. माझा काळा कोट हाच माझा युनिफॉर्म, तेव्हा ह्या धाग्यावर मी रोजच युनिफॉर्ममध्ये मयताला जाणारा माणूस आहे.

आमच्या बाजूने काय दिसतं ते सांगतो. कामावरून थेट आलेली माणसं जवळजवळ नेहमीच मागे उभी राहतात. सिक्युरिटीवाले, कुरिअरवाले, सफाईवाले, पंपावरची पोरं. हेल्मेट कुठे ठेवावं कळत नाही म्हणून पोटाशी धरून असतात. बारा वर्षांत घरच्यांपैकी कोणी त्यांना 'हे काय घालून आलात' म्हटल्याचं मी एकदाही ऐकलं नाही. शेजारचे, लांबचे नातेवाईक कुजबुजतात कधीकधी. घरचे नाही. उलट घरचे मला विचारतात, ते मागे उभे होते ते कोण? आमच्या ह्यांना कसे ओळखत होते? आणि तोवर तो माणूस निघून गेलेला असतो. मला उत्तर देता येत नाही आणि फार वाईट वाटतं. म्हणून एक विनंती, आलात तर एका तरी घरच्या माणसाला नाव सांगून जा. "मी अमुक, त्यांच्याबरोबर कामाला होतो." बास.

आता बारीकसारीक, पण कामाचं. चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट असेल तर काढून घडी घालून हातात धरा. संध्याकाळी गाड्यांचे दिवे पडले की त्या पट्ट्या एवढ्या लखलखतात की सगळ्यांची नजर तिकडेच जाते. किल्ल्यांचा जुडगा, वॉकीटॉकी, कमरेचा पट्टा आधी गाडीत किंवा पिशवीत टाका. शांततेत वॉकीटॉकी खरखरला की घरची माणसं दचकतात, मी पाहिलंय. मोबाइल नुसता व्हायब्रेटवर पुरत नाही, पूर्ण बंद. लोखंडी टोकाचे बूट फरशीवर वाजतात, तर हळू चाला, बदलायची गरज नाही. बिल्ला काढावा. त्यावरचं नाव गिऱ्हाइकांसाठी असतं.

पाठीवरच्या जाहिरातीसाठी सगळ्यात सोपा उपाय, टी-शर्ट उलटा घाला. शिवण बाहेर दिसेल, पण शिवणीकडे कोणी बघत नाही. एका पिझ्झा पोचवणाऱ्या मुलाने माझ्या गाडीच्या आडोशाला उभं राहून तसं केलं होतं. नंतर त्याने मला विचारलं, "नीट दिसतंय ना?" मी त्याची कॉलर सारखी केली.

---

सिस्टर_दुपारपाळी

'आमच्या ह्यांना कसे ओळखत होते?' हे किती खरं आहे. घरच्यांना माणसाचा अर्धाच दिवस माहीत असतो, उरलेला अर्धा कामावरच्यांकडे असतो.

---

हजेरीपट

मी एका कंपनीत मनुष्यबळ विभागात आहे, थोडं नियमांचं बोलतो.

पुष्कळ ठिकाणी युनिफॉर्म ड्यूटीबाहेर घालू नये असं लेखी असतं. कारण साधं आहे, त्या कपड्यात माणूस कुठे काही बोलला-वागला की ते कंपनीच्या नावावर जातं. पण मयताला जायचंय असं सांगून सुपरवायझरला विचारलं तर नाही म्हणणारा मी अजून पाहिलेला नाही. विचारत नाहीत लोक, भीती वाटते.

खरी अडचण रजेची. दुःखाच्या रजेत नात्यांची यादी असते, आई-वडील, नवरा-बायको, मुलं, कुठे भावंडं, कुठे सासू-सासरे. ज्याने काम शिकवलं तो त्या यादीत कुठेच नसतो. म्हणून तर लोक दोन पाळ्यांच्या मधे, त्याच कपड्यात धावत जातात. हा धागा वाचून मी आमच्याकडे दोन तासांची सवलत मागणार आहे, सहकाऱ्याच्या अंत्यविधीसाठी, पगार न कापता. मिळेल का सांगता येत नाही, पण अर्ज लिहायला घेतलाय.

आणि जे साहेब लोक वाचत असतील त्यांच्यासाठी, पत्र्याची_शेड यांनी लिहिलंय ते दोनदा वाचा.

---

शेवटची_फेरी

हजेरीपट, अर्जाचं काय झालं ते इथे लिहा. आमच्या संघटनेतही मांडता येईल.

---

तिसरा_काउंटर

सगळ्यांचे आभार. काल जाऊन आले.

पाळी तीनला सुटली. ह्या वेळी पिशवीत साधा ड्रेस होता, गोधडीताई. पण लॉकररूममध्ये तो हातात घेऊन बराच वेळ बसले आणि शेवटी ठरवलं की लाल टी-शर्टमध्येच जायचं. सरांनी अकरा वर्षं घातलेला कपडा आहे, आणि घरी दोघीच असणार होतो, त्या आणि मी. वर ओढणी घेतली फक्त. बिल्ला काढून ठेवला.

दार त्यांनीच उघडलं. मी नाव सांगायच्या आत त्या म्हणाल्या, "तू फाटकाशी उभी होतीस ना त्या दिवशी?"

मला काही सुचेना. लाल रंग त्यांना आतून दिसला होता. त्या म्हणाल्या, "मला वाटलं, ह्यांच्या दुकानातलं कोणीतरी आलं. मी मुलाला म्हटलं जा, त्यांना आत बोलव. तो येईपर्यंत तू नव्हतीस." थोडं थांबून म्हणाल्या, "दुकानातलं दुसरं कोणीच आलं नव्हतं गं."

त्यांनी हे रागाने म्हटलं नाही. पण मला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं. मी माफी मागितली. का परत गेले ते खरंखरं सांगितलं, पाठीवरची ओळ, गाडीची काच, सगळं. त्यांनी मला पाठमोरं उभं राहायला सांगितलं, ओढणी बाजूला केली आणि ती ओळ वाचली. म्हणाल्या, "ही बदललीय. ह्यांच्या वेळी वेगळी होती." त्या जुनी ओळ म्हणून दाखवायला लागल्या आणि मधेच अडल्या. पुढचे शब्द मी सांगितले.

मग पावत्यांची ती रात्र सांगितली. त्यांना ती माहीतच नव्हती. त्या रात्री सर एवढ्या उशिरा का आले ह्यावरून दोघांचं भांडण झालं होतं म्हणे, आणि सरांनी कारण सांगितलं नव्हतं. त्यांनी मला ती गोष्ट दोनदा सांगायला लावली. दुसऱ्या वेळी मुलालाही बोलावून बसवलं.

पुढच्या रविवारी पुन्हा बोलावलंय. ग्रुपवर टाकलंय, जुन्या लोकांपैकी तिघं येतो म्हणालेत.

---

आजीची_गोधडी

ड्रेस पिशवीतच राहिला ते बरं झालं बाळा.

---

अखेरची_गाडी

त्या तिघांना सांगा, एकेक गोष्ट आठवून या म्हणावं. आणि तारीख, साल आठवत असेल तर तेही. घरचे विचारतात.